मातीच्या डोक्याचा साचा घ्यायचाय, कानापाशी अडलोय. मदत हवी आहे

मातीत एक व्यक्तिशिल्प केलंय, मानेपर्यंत, जवळपास खऱ्या डोक्याएवढं. आत सळई आणि तारेचा सांगाडा आहे. माती सुकताना आक्रसते, सांगाडा आक्रसत नाही, म्हणून हनुवटीखाली भेगा पडताहेत. पातळ माती भरली, ओलं फडकं गुंडाळून वर प्लास्टिकही घातलं. तरी भेग त्याच जागी उघडते.

भाजण्याचा पर्याय नाही. भट्टी मिळणार नाही, आणि सांगाडा आत ठेवून भाजताही येत नाही. एकच प्रत हवी आहे, त्यामुळे प्लास्टरचा फोडून काढायचा साचा करतोय (माती काढून आत प्रत ओतायची, मग साचाच छिन्नीने फोडायचा): पत्र्याच्या पट्ट्या खोचून दोन भाग, पहिला थर रंग मिसळून, म्हणजे छिन्नी शिल्पाजवळ आल्याचं कळेल. आतून साबणाचा हात देणार आहे, म्हणजे प्रत साच्याला चिकटणार नाही. सिलिकॉन परवडणार नाही.

खरी अडचण कानांची. पाळी गालापासून सुटी आहे, मागे खोल खोबण आहे. सगळ्या चेहऱ्यात तो कानच मला मनासारखा जमलाय, फोडताना तुटायला नको.

ज्यांनी असा साचा केलाय त्यांना विचारतो: पट्ट्यांची रेघ कानाच्या कडेवरून न्यावी की मागून? आणि ती खोबण आधी मातीने थोडी बुजवून घ्यावी का?