फायबर घासताना अंगाला येणारी खाज: नक्की काय करावं?

शेड_मकरपुरा
मंडळी, वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) छोटी शेड आहे, फायबरची मखरं आणि कमानी बनतात. पॉलिएस्टर रेझिन, काचेच्या धाग्यांच्या ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर. गणपतीआधी ३० नग घासून द्यायचे आहेत. ४ इंची ग्राइंडरवर ६० नंबरची डिस्क लावून कडा आणि पाठ घासली की दोन्ही कारागिरांना मानेला, कोपराच्या आत आणि कमरपट्ट्याखाली रात्रभर खाज. सध्या तोंडाला रुमाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि अंगाला खोबरेल तेल एवढंच चालू आहे. ते पांढरे बंद सूट मे महिन्यात पत्र्याखाली दहा मिनिटंसुद्धा अंगावर राहत नाहीत. उपाय सांगा.

लांबीवाला
तेल आजच बंद करा. ही खाज रसायनाची नाही, टोचण्याची आहे. मॅटमधला काचेचा धागा साधारण १० ते १७ मायक्रॉन जाड असतो. ग्राइंडरखाली त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते निवडुंगाच्या कुसळासारखे कातडीत घुसतात. तेलकट मानेवर ही धूळ पोळीच्या लाटीला पीठ चिकटावं तशी बसते, मग कॉलर घासली की आत रुतते. कमरपट्ट्याखाली तेच होतं. शर्ट खोचू नका, बाहेर सोडा.

पण अंग झाकण्याआधी धूळच कमी करता येते का ते बघा. कडा ग्राइंडरने कापायच्याच कशाला? रेझिन जेल होऊन चामड्यासारखं झालं की साच्याच्या कडेने कटरच्या नव्या ब्लेडने जादा मॅट कापून टाका. नख दाबलं तर खूण उमटते पण बोटाला चिकटत नाही, ती वेळ. लवकर कापलं तर मॅट ओढली जाऊन थर सुटतात, उशीर झाला तर ब्लेड तुटतं. या उन्हात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) दीड टक्का असेल तर ही संधी थोडाच वेळ असते, त्यामुळे एका वेळी दोनच नग भरा. उरलेली कड कानशीने मारा. कानशीचा भुगा जाड असतो आणि खाली पडतो. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांवर तोच भुगा हवेत उडवतो.

पाठीसाठी मॅटवर शेवटी ३० ग्रॅमचा टिश्यू (काचेच्या धाग्यांचा पातळ थर) टाका. मग वर उभे राहिलेले धागे राहत नाहीत आणि फार घासावंही लागत नाही. हा खर्च कारागिराच्या एका दिवसाच्या खाड्यापेक्षा नक्कीच स्वस्त.

ओला_कागद
वरच्याशी सहमत. उरलेलं काम पाण्याने करा. रबरी ठोकळ्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा घासकागद), आधी १२० नंबर, मग २२०, रंगाआधी ४००. बादलीत भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले तर पेपर लवकर भरत नाही. विजेचं सँडर पाण्यात अजिबात नाही, शॉक बसेल. हवेवरचं सँडर चालतं, पण त्याला १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर पुरत नाही, दर मिनिटाला दाब पडतो.

यात लोक एक गोष्ट विसरतात. पांढरा गाळ वाळला की तीच धूळ परत उडते, म्हणून तो ओला असतानाच फडक्याने पुसून बादलीत पिळा. गाळ तळाशी बसू द्या, वरचं पाणी ओता, गटारात गाळ टाकू नका. उघडे पडलेले धागे पाणी पितात, तेव्हा नग उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय लांबी किंवा रंग मारला तर पुढे फोड येणार.

फिल्टर_पी१००
रुमालाचं सांगतो. रुमालाने बारीक धूळ थांबत नाही. किमान एन९५ घ्या, कानात अडकवायचा नाही, डोक्यामागे दोन पट्टे असलेला. एक पट्टा कानांच्या वरून डोक्यामागे, एक कानांखाली मानेवर. दाढीचे खुंट असतील तर कडेने हवा आत येते, मग कितीही भारी मास्क असो. रोजचं काम असेल तर अर्ध्या चेहऱ्याचा मास्क आणि पी१०० (बारीक धूळ अडवणारा) फिल्टर परवडतो. रेझिन भरताना येणारा वास त्यातल्या स्टायरिन या रसायनाचा, तो एन९५ अडवत नाही, त्याला सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लागतं.

सूट जमत नसेल तर सैल सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, डोक्याला टोपी, नायट्राइल हातमोजे आणि मनगटावर मोज्याला बाहीसकट कागदी टेप. बाजूने बंद गॉगल हवा, साधा चष्मा पुरत नाही. सकाळी ६ ते ९ मध्ये घासा. छताचा पंखा बंद. मोठा पंखा कारागिराच्या पाठीमागे ठेवा आणि समोरच्या भिंतीला एक्झॉस्ट, म्हणजे धूळ तोंडापासून लांब जाते. बहुतेक शेडमध्ये नेमकं उलटं असतं.

शेड_मकरपुरा
कडा आधीच कापायचं डोक्यात आलंच नव्हतं, ते उद्यापासून. पण आज जी धूळ अंगात बसली आहे तिचं काय? दोघेही एसीटोनने हात धुतात.

लांबीवाला
एसीटोन कातडीचं तेल काढून टाकतं, कातडी कोरडी पडून खाज वाढते. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झटकणं तर त्याहून वाईट, कुसळं आत जातात आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात. आधी गार पाण्याची धार सोडा, न चोळता. मग साबणाचा फेस हलक्या हाताने. जिथे टोचतंय तिथे चिकट टेप हलकी दाबून उचला, नवा तुकडा घेत तीन-चार वेळा. गरम पाणी आणि टॉवेलने खसाखसा पुसणं टाळा.

टोचण्याची खाज बहुधा एक-दोन दिवसांत शमते. पुरळ वाढत गेलं, किंवा धूळ नसताना नुसत्या रेझिनला हात लागून आलं, तर ती रेझिन किंवा त्यात मिसळलेल्या कोबाल्टची अॅलर्जी असू शकते. मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कपडे शेडमध्येच बदलायला सांगा. घरच्या कपड्यांबरोबर धुतले तर पोरांच्या बनियनलाही खाज लागते. मशीनमध्ये टाकलेच तर नंतर एक फेरी रिकामी, नुसत्या पाण्याची चालवा.