उत्तर: जूनच्या कॅम्पचा ट्रेलर – ओढायची क्षमता पुरेशी आहे, मग अडतंय कुठे?

प्रेषक: अण्णा, गंगापूर रोड

सर्वांना,
शुक्रवारपर्यंत अमेरिकेतल्या आपल्या जूनच्या कॅम्पच्या जागेवाल्यांना ट्रेलरची लांबी आणि गाड्यांची संख्या कळवायची आहे. डेन्व्हरच्या ताईंचा २८ फुटी राहण्याचा ट्रेलर नक्की. ओढायला त्यांच्याच घरचा अर्ध्या टनाचा पिकअप (हे गाडीच्या वर्गाचं नाव, प्रत्यक्ष क्षमता नाही). माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ११,२०० पौंड दिली आहे, ट्रेलर भरून ७,००० च्या आसपास. म्हणजे चार हजार पौंड शिल्लक. पिकअपमध्ये आम्ही चौघं, मागच्या हौद्यात जनरेटर, सरपण आणि दोन मोठे कूलर. मागच्या वेळचा शेवटच्या दिवशीचा घोळ पुन्हा नको. हरकत असेल तर आजच सांगा.

---

प्रेषक: नाना, सातपूर

अण्णा, हरकत आहे. ११,२०० हा आकडा बाजूला ठेवा. ताईंना सांगून ड्रायव्हरचं दार उघडायला लावा. दाराच्या खांबावर टायर आणि वजनाचा स्टिकर असतो, त्यावर ‘माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको’ असं एक वाक्य असतं. तो आकडा माहितीपत्रकातला नाही, त्या एका गाडीचा असतो. आपलं गाडं तिथे अडणार आहे.

ट्रेलरचं नाक (टंग) पिकअपच्या मागच्या बॉलवर, म्हणजे जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर, बसतं, त्यामुळे तिथला भार हे पिकअपवरचं सामानच झालं. अशा ट्रेलरचा टंगवरचा भार भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. ७,००० चे १३ टक्के धरा, ९१० पौंड. त्यात हिचचं, म्हणजे जोडणीच्या साहित्याचं, लोखंड ९०. गाडीत कोणी बसायच्या आधीच हजार पौंड खर्ची पडले. ताई, स्टिकरवर काय आहे?

---

प्रेषक: ताई, डेन्व्हर

आत्ताच बघून आले. स्टिकरवर १,४८० पौंड. पिकअपच्या एकूण वजनाची मर्यादा ७,०५०. ट्रेलरची स्वतःची मर्यादा ७,६००, आणि माहितीपत्रकातलं कोरडं वजन ५,९००.

कोरड्या वजनावर कोणी हिशेब करू नका. त्यात बॅटरी नाही, गॅस नाही, पाणी नाही, एक ताटसुद्धा नाही. भरलेली २० पौंडी गॅसची टाकी टाकीच्या लोखंडासकट ३७ पौंडांच्या आसपास जाते, आणि अशा दोन टाक्या थेट नाकाकडच्या दांडीवर बसवलेल्या आहेत.

---

प्रेषक: नाना, सातपूर

१,४८० वजा १,००० म्हणजे ४८०. चार मोठी माणसं सरासरी १६० ची धरली तर ६४०. जनरेटर, सरपण, कूलर काहीही न चढवता १६० पौंड जास्त. अण्णा, चार हजार शिल्लक नाहीत, उलट खड्डा आहे.

---

प्रेषक: बापू, नाशिकरोड

नाना, ११,२०० हवेतून आलेला नाही. आता कंपन्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ मानकाप्रमाणे चाचणी करतात. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि मागे प्रत्येक बाजूला एकच चाक असलेल्या पिकअपने ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही. यात उतरलेल्या गाडीला ७,००० पौंड जड नाहीत.

आणि दुसरं. वजन वाटणारा हिच लावल्यावर टंगचा सगळा भार पिकअपवर राहत नाही. त्याचे स्प्रिंग बार (हिचपासून ट्रेलरच्या दांडीपर्यंतच्या लवचिक पट्ट्या) ताणले की काही भार पुढच्या आसावर जातो, काही परत ट्रेलरच्या आसांवर. तो तुम्ही धरलाच नाहीत.

---

प्रेषक: नाना, सातपूर

> यात उतरलेल्या गाडीला ७,००० पौंड जड नाहीत

बापू, इंजिनाला जड नाहीत, यावर वाद नाही. पण त्याच चाचणीत गाडीत १५० पौंडांची दोनच माणसं धरतात, हौदा रिकामा. चार माणसं आणि सरपण घेऊन ती क्षमता उरत नाही.

वजन वाटणाऱ्या हिचबद्दल तुमचं बरोबर आहे, तो भाग मी लिहायला हवा होता. मात्र कागदावर टंगचा पूर्ण भारच पिकअपच्या खात्यात मांडायचा. बार किती परत देतात ते काट्यावरच कळतं.

हा हिच कशासाठी लागतो तेही सांगतो, कारण तो फक्त गाडी मागून वर उचलतो असं बऱ्याच जणांना वाटतं. बॉल मागच्या आसाच्या मागे साधारण ५ फुटांवर असतो, दोन आसांमधलं अंतर १२ फूट. बॉलवर १,००० पौंड टाकले की तरफेच्या नियमाने मागच्या आसावर सुमारे १,४२० वाढतात आणि पुढच्या आसावरचे ४२० उडतात. पुढची चाकं हलकी, म्हणजे स्टिअरिंग हलकं आणि ब्रेकही कमजोर. मागे भारी ट्रॉली लावून ट्रॅक्टर चढाला लागला की पुढची चाकं उचलायला बघतो, तीच गोष्ट.

---

प्रेषक: वहिनी, कॉलेज रोड

मोठी पातेली, दोन शेगड्या, तांदूळ, पीठ, तेलाचे डबे धरून स्वयंपाकाचं सामान २६० पौंड आहे, मी यादी करून बेरीज केली आहे. ते कुठे ठेवायचं ते मला विचारल्याशिवाय ठरवू नका, कारण पोचल्यावर पहिला चहा त्यातूनच होतो. टंगवर भार जास्त होतोय ना, मग सगळं ट्रेलरच्या अगदी मागच्या कप्प्यात टाकते. जनरेटरही मागच्या बंपरवर बांधा. पुढचं नाक आपोआप हलकं होईल.

---

प्रेषक: नाना, सातपूर

वहिनी, हे मात्र अजिबात नको. यादी तुमची, जागाही तुम्हीच ठरवा, पण आसांच्या जवळ किंवा थोडी पुढे. मागे टाकलेल्या वजनाने टंग हलका होतो हे खरं, आणि तसाच हलका झालेला ट्रेलर डुलायला लागतो. टंग ९-१० टक्क्यांच्या खाली गेला की शेजारून मोठा ट्रक गेला तरी त्याच्या वाऱ्याने शेपूट हलतं, वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि शेवटी ट्रेलर पिकअपला ओढून नेतो. एकच वजन आसांजवळ असेल तर त्रास नाही, मागच्या टोकाला असेल तर त्याचा लोलक होतो. बंपरवर काहीही बांधायचं नाही.

पाण्याचंही तेच. एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, ताईंची टाकी ४० गॅलनची, भरली तर ३३४ पौंड. टाकी आसांच्या मागे असेल तर ती भरल्याने टंग हलका होतो, पुढे असेल तर जड. कॅम्पवर नळ आहे. वाटेत हातपाय धुण्यापुरतं १० गॅलन ठेवा.

---

प्रेषक: भाऊ, पिंपळगाव बसवंत

नाना म्हणतात ते आमच्याकडे कोणीही हमाल सांगेल. दोन चाकी ट्रॉली मागून भरायला घेतली की हूक वर उचलतो, म्हणून आधी पुढचा अर्धा भरतात. फरक एवढाच की बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि वेगही नसतो.

अण्णा, द्राक्षांचा हंगाम उरकला की एप्रिलअखेर आमची दोन चाकी ट्रॉली मोकळी असते. रिव्हर्सचा सराव इथेच करून जा. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रॉलीचं मागचं टोक जातं. चार चाकी ट्रॉलीवर शिकू नका, तिची पुढची धुरी फिरते, हिशेब उलटा होतो. ट्रॉली आखूड म्हणून पटकन वळते, २८ फुटी सावकाश वळेल. आखूड जमली की लांब सोपी. मागे एक माणूस उभा ठेवा, तो आरशात दिसला नाही तर थांबायचं.

---

प्रेषक: अण्णा, गंगापूर रोड

भाऊ, एप्रिलअखेरचा रविवार धरतो. नाना, ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत तो आकडा) किती ठेवायचा? ताईंच्या गाडीत तो कंपनीचाच आहे.

---

प्रेषक: बापू, नाशिकरोड

गेनचा आकडा कोणाचा कोणाला चालत नाही. ट्रेलर पूर्ण भरलेला, रस्ता सपाट आणि कोरडा, वेग ताशी २० ते २५ मैल. पिकअपच्या ब्रेकला पाय न लावता कंट्रोलरची पट्टी हाताने पूर्ण दाबा. ट्रेलरची चाकं घसटली तर गेन कमी करा, नुसतं हळू झालं तर वाढवा. लॉक व्हायच्या किंचित अलीकडे थांबा. दोन-चार वेळा ब्रेक मारून ड्रम कोमट झाल्यावर पुन्हा तपासा, थंड ड्रमवर लावलेला गेन गरम झाल्यावर वेगळा वागतो.

ट्रेलर डुलायला लागला तर याच पट्टीचा उपयोग. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, पिकअपचा ब्रेक दाबू नका, पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. झोक्याच्या उलट स्टिअरिंग मारत बसलात तर झोका वाढतो. तो थांबला म्हणून तोच वेग पुन्हा पकडू नका. बाजूला घ्या आणि कारण शोधा: वजन, टायरची हवा, नाहीतर वेग.

---

प्रेषक: ताई, डेन्व्हर

बापूंच्या यादीत ब्रेकअवेची तार राहिली. ट्रेलर सुटला तर ती पिन ओढते आणि ट्रेलरचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर लागतात. ती तार पिकअपच्या रिसीव्हरला (हिच ज्यात बसतो त्या चौकोनी नळीला) किंवा चासीला वेगळी अडकवायची. साखळीला नाही, बॉलला तर नाहीच, कारण बॉल निघून गेला तर तार त्याच्याबरोबर जाईल. साखळ्या कपलरखाली (नाकाचा बॉलवर बसणारा भाग) फुली मारून लावा, नाक पडलं तरी त्यांच्या झोळीत पडतं.

बॉल २ ५/१६ इंचाचा आहे. घरात २ इंचाचाही एक पडला आहे, तो मी वेगळा ठेवला. मोठा कपलर लहान बॉलवर बसतो, खिटीही लागते, आणि पहिल्या मोठ्या धक्क्याला उडतो. खिटी लावल्यावर जॅकने नाक वर उचलून बघायचं. पिकअपचं मागचं अंग सोबत उचललं गेलं तरच ते नीट बसलं आहे.

---

प्रेषक: वहिनी, कॉलेज रोड

सामान आसांवरच्या कप्प्यात, पातेली पलंगाखाली. ठरलं. फ्रिज गॅसवर चालू ठेवून जायचं की बंद? दूध-दही आहे.

---

प्रेषक: नाना, सातपूर

बंद. टाक्यांच्या चाव्या बंद करूनच निघायचं. आदल्या रात्री फ्रिज पूर्ण थंड केला आणि वाटेत दार उघडलं नाही तर पाच-सहा तास दह्याला काही होत नाही.

ताई, टायरवरचे शेवटचे चार अंक वाचून कळवा. २२१९ असेल तर २०१९ सालचा २२ वा आठवडा. ट्रेलरचा टायर उन्हात उभा राहून म्हातारा होतो, खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी पाच-सहा वर्षांनंतर त्याच्यावर विसंबू नका. हवा थंड टायरमध्ये, बाजूवर लिहिलेली कमाल. एसटी, म्हणजे खास ट्रेलरच्या, टायरवर वेगाची खूण नसेल तर तो ताशी ६५ मैलांसाठी धरा, आपण ६० वर चला. चाकाचे नट टॉर्क पान्याने, आणि पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा. नुसत्या हाताच्या अंदाजावर सोडू नका.

---

प्रेषक: बापू, नाशिकरोड

वाट डेन्व्हरच्या पश्चिमेच्या डोंगरातल्या आयसेनहॉवर बोगद्यातून आहे, हे कोणीच लिहिलं नाही. बोगदा ११,००० फुटांच्या वर, पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्के उतार. थळ घाटात रेल्वेला १:३७ साठी मागून बँकर इंजिन लावावं लागतं. ७ टक्के म्हणजे जवळजवळ १:१४. उताराच्या माथ्यावरच वेग कमी करा, टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सोय) लावा, गिअर खालचा घ्या. कसाऱ्यात ट्रक ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरतो, तीच रीत. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की एकदा ठाम दाबा, खाली आणा, सोडा. सतत घासत ठेवलेला ड्रम तापतो आणि मग पेडल दाबूनही धरत नाही.

---

प्रेषक: ताई, डेन्व्हर

आज ट्रेलर वहिनींच्या यादीप्रमाणे भरला. स्वयंपाकाच्या सामानाऐवजी तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, पाणी १० गॅलन, पेट्रोल पूर्ण, हौदा रिकामा, गाडीत मी एकटी. हायवेवरच्या ट्रक थांब्यावरच्या काट्यावर तीन वेळा वजन केलं. आकडे पुढचा आस, मागचा आस, ट्रेलरचे आस या क्रमाने.

नुसता पिकअप: ३,२४० आणि २,५६०.
ट्रेलर लावून, बार न ताणता: २,८२०, ३,९८०, ६,१४०.
बार ताणून: ३,०४०, ३,६२०, ६,२८०.

मडगार्डची उंची पुढे ३८ इंच होती, ट्रेलर लावल्यावर ३९.५, बार ताणल्यावर ३८.७५. पुस्तिकेत निम्मी परत आणा म्हटलंय, तेवढी आली. ट्रेलर समतल उभा आहे.

---

प्रेषक: नाना, सातपूर

ताई, उत्तम काम. पिकअप एकटा ५,८००, बार न ताणता ६,८००. फरक हजार, त्यातले ९० हिचचे, टंग ९१०. ट्रेलर एकूण ७,०५०, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. सामान याच जागी राहू द्या, काही हलवू नका.

बार ताणून पिकअप ६,६६०. मर्यादा ७,०५०, उरले ३९०. ताई त्यात धरल्या गेल्या आहेत. बापू, बारांनी १४० पौंड ट्रेलरला परत दिले, तुमचा मुद्दा काट्यावर दिसला. तरीही आणखी तिघं बसले तर ४८०, बसत नाहीत. दोघं बसले तर ३२०, उरतात ७०.

---

प्रेषक: बापू, नाशिकरोड

मान्य. पिकअपमध्ये तिघं, हौदा रिकामा. जनरेटर आणि कूलर दुसऱ्या गाडीत. सरपण इथून न्यायचंच नाही, कॅम्पवर विकत घ्या, लाकडातली कीड एका जंगलातून दुसऱ्यात नेऊ नये म्हणूनही ते बरं.

---

प्रेषक: अण्णा, गंगापूर रोड

ट्रेलर २८ फूट, गाड्या दोन, असं आज कळवतो. मी दुसऱ्या गाडीत बसतो. ताई, वाळूच्या पिशव्या काढताना कोणती कुठे होती ते खडूने आखून ठेवा, वहिनींचं सामान त्याच जागी जाईल. भाऊ, रविवारी सकाळी आठला पिंपळगावला पोचतो, बापूंना वाटेत नाशिकरोडहून घेतो.

---

प्रेषक: भाऊ, पिंपळगाव बसवंत

आठ नको, सातला या. नंतर ऊन चढतं आणि आरशात काही दिसत नाही.