एमजीबी जीटी (१९७१) : सुटे भाग मागवताना नंबर कशावरून ठरवायचा?

कोव्हेंट्रीकर
नमस्कार मंडळी. गाडी १९७१ ची एमजीबी जीटी (एमजी कंपनीची बंद टपाची स्पोर्ट्स कार), इंग्लंडातच विकलेली, क्रोमचे बंपर आणि तारांची चाकं. चासी नंबर जीएचडी५ ने सुरू होतो, इंजिनावरच्या पट्टीवर १८व्ही आहे. क्लच, पुढचे किंगपिन (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) आणि खालच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बदलायचे आहेत. कॅटलॉगात एकेका भागापुढे तीन-तीन नंबर आणि किमतीत दुप्पट-तिप्पट फरक. शिवाय इंजिन तापलं की गाडी मध्येच बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर आर्म (फिरून ठिणगीची वीज प्लगांना वाटणारा) आणि कंडेन्सर तर नवेच आहेत. नेमकं काय बघून मागवायचं, आणि पैसे कुठे वाचवू नयेत?

पाना_बारा
आधी एक गोष्ट पक्की करा: साल सांगून भाग मागवायचा नाही. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं अॅबिंग्डनला बनत होती, आणि बदल जानेवारी बघून नाही तर अमुक चासी नंबरापासून होत गेले. त्यात इतक्या वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल यांपैकी काहीतरी बदललेलं असण्याची शक्यता दाट. म्हणून बॉडीचे, काचांचे, ट्रिमचे भाग चासी नंबरावरून. इंजिनाचे इंजिन नंबरावरून. आणि जोडलेल्या वस्तूंचे त्या वस्तूवरच्या खुणेवरून.

जीएचडी५ मधलं जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा वर्ग, डी म्हणजे कूपे (रोडस्टरला इथे एन असतं) आणि ५ ही मालिका. १८व्ही इंजिन १९७१ पासूनचं, म्हणजे तुमचं मूळचं असू शकतं. पट्टीवर १८जीबी असतं तर ते १९६४-६७ चं निघालं असतं आणि फ्लायव्हील, स्टार्टर सगळं वेगळं.

कार्ब्युरेटर डोळ्यांनी ओळखता येतो. फ्लोटची वाटी बाजूला वेगळी लटकत असेल तर एसयू कंपनीचा एचएस४, वाटी बॉडीच्या पोटातच असेल तर एचआयएफ४. दोघांचे जेट आणि गॅस्केट एकमेकांना चालत नाहीत. एचएस४ च्या पुढच्या आणि मागच्या जेटची नळीही वेगळी येते, तेव्हा "जेट दोन" असं न लिहिता पुढचा एक, मागचा एक असं लिहा.

तारांच्या चाकांच्या गाडीचा मागचा अॅक्सलही लोखंडी चाकांच्या गाडीपेक्षा अरुंद असतो. हब किंवा हाफ शाफ्ट मागवताना ते आठवणीने सांगा.

ठिणगी
तापल्यावर बंद पडण्याबद्दल. "नवे आहेत" म्हणून रोटर आर्म आणि कंडेन्सरला सोडू नका, संशय आधी त्यांच्यावरच घ्या. आज मिळणाऱ्या स्वस्त रोटर आर्ममध्ये पितळी पट्टी मधोमध रिव्हेटने बसवलेली असते. रिव्हेटचं खालचं टोक आणि आतली स्प्रिंग यांच्यात प्लॅस्टिकचा पातळ थर तेवढा उरतो. गरम झाल्यावर हाय टेन्शन तिथून शाफ्टकडे पळतं, प्लगपर्यंत पोचतच नाही.

तपासणी गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले राहतील असं इंजिन फिरवून ठेवा. कॉइलची मधली जाड वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरून टोक रोटरच्या पितळेपासून साधारण ३ मिमी वर ठेवा, इग्निशन चालू करा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा. रोटरवर जोरदार ठिणगी पडली तर तो आतून फुटलाय. ठिणगी नाही किंवा अगदी मलूल असेल तर रोटर चांगला. मग वायरचं टोक इंजिनाच्या धातूजवळ धरा. तिथेही ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तुमच्या गाडीला बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा वेगळा रेझिस्टर) नाही, त्यामुळे प्रायमरी ३ ओमच्या आसपास हवा. १.५ ओम दाखवलं तर कुणीतरी नंतरच्या, रबर बंपरवाल्या एमजीबीची कॉइल लावली आहे. ती तापते आणि पॉइंट जाळते.

मागवताना डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कोरलेलं वाचा. १९७४ पर्यंत ल्युकस २५डी४, नंतर ४५डी४. दोघांची कॅप, रोटर, पॉइंट वेगवेगळे. रोटर रिव्हेट नसलेला घ्या, लाल रंगात मिळतो. पॉइंटचा गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच.

कोव्हेंट्रीकर
२५डी४ च आहे. रोटर काळा, वर रिव्हेट स्पष्ट दिसतेय. कॉइल ३.१ ओम. आता क्लच आणि किंगपिनचं सांगा. क्लचच्या रिलीज बेअरिंगला कार्बनऐवजी रोलरचं मिळतं, ते घ्यावं का?

ग्रीसगन
माझं मत: नको. मूळ कार्बनचं, चांगल्या मेकचं घ्या. ते झिजतं ते सिग्नलला क्लच दाबून उभं राहिल्याने. न्यूट्रल करून पाय काढायची सवय असेल तर क्लचप्लेटइतकं टिकतं. या गाडीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही, इंजिन बाहेर काढावंच लागतं. म्हणून कव्हर, प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम आणि सोबत क्रँकचं मागचं ऑइल सील. इथे स्वस्त किट घेणं म्हणजे तेच काम दोनदा.

किंगपिन नुसते घेऊ नका. नवे बुश बसवल्यावर रीमर (भोक मापात कातणारं हत्यार) फिरवून मापात आणावे लागतात, तो रीमर घरी कुणाकडे नसतो. स्टब अॅक्सलसकट (चाकाचा हब ज्यावर बसतो तो दांडा) तयार जोडी एक्स्चेंजवर घ्या. जुनी परत दिल्यावर अनामत मिळते. सुटी करून, एखादा तुकडा हरवून पाठवलीत तर मिळत नाही. बसवल्यावर प्रत्येक बाजूचे तीनही निपल पुढची चाकं अधांतरी ठेवून ग्रीस करा. वजन खाली असताना ग्रीस तळच्या बुशपर्यंत नीट जात नाही, आणि झीज तिथेच सुरू होते.

विशबोनचे बुश व्ही८ चे घ्या, जीटी व्ही८ साठी बनलेले, धातूची नळी असलेले. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पाना_बारा
दुकानांचं: मॉस, एमजीओसी स्पेअर्स, ब्राउन अँड गॅमन्स यांच्याकडे बहुतेक सगळं मिळतं. एसयूचं काही हवं असेल तर सरळ सॉल्सबरीच्या बर्लनकडून, ते मूळ मापाचं बनवतात. पत्रा बदलायचा झाला तर ब्रिटिश मोटर हेरिटेजचा आहे का ते विचारा; जुन्या मूळ साच्यांवर काढलेला असल्याने कडा जुळतात. जुन्या सुट्या भागांच्या जत्रेतून, म्हणजे ब्यूलीच्या ऑटोजंबलमधून किंवा स्टोनलीहून, धातूचे भाग खुशाल घ्या: काचेच्या क्रोम फ्रेम, ल्युकसचे जुने स्विच, आर्मस्ट्राँगचे डॅम्पर (धक्के शोषणारे). डॅम्परचा दांडा हाताने पूर्ण वरखाली करून बघा. मधे कुठे एकदम सैल लागला तर ठेवून द्या. जुनं रबर मात्र पाकीटबंद असलं तरी नको. आणि इथल्या ई१० (इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी इंधनाचा पाइप आर९ हा दर्जा छापलेलाच.

बोल्ट मूळचे यूएनएफ (इंची, बारीक आट्यांचे) आहेत. ५/१६ चा बोल्ट आणि एम८ हातात सारखेच वाटतात. एम८ दोन आटे जातो, मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की आटे गेलेच. १/४ ला ७/१६ चा पाना, ५/१६ ला १/२ चा. जुना भाग नवा बसून गाडी चालेपर्यंत टाकू नका. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून भोकांची अंतरं कॅलिपरने मोजून घ्या.

कोव्हेंट्रीकर
लाल रोटर मागवला. गरम असतानाची तपासणी केली, काळ्यावर लख्ख निळी ठिणगी पडतेय. क्लचसाठी पुढच्या महिन्यात इंजिन काढणार, तेव्हा फ्लायव्हीलचे फोटो टाकतो. स्किमिंग (त्याचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) लागेल का ते बघून सांगा.