मदत हवी आहे: मोठ्या रानडुकरासाठी .३०८ मध्ये कोणती गोळी घ्यावी?

रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट अ‍ॅक्शन, नळी २० इंची, ट्विस्ट १:१० (नळीतल्या पिळाचा एक फेरा १० इंचांत). परवाना आणि शिकारीची परवानगी दोन्ही आहेत. रायफल बदलायची नाही, प्रश्न फक्त गोळीचा आहे. अंतर ५० ते १२० मीटर, मचाणावरून, बहुतेक वेळा तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात.

आजवर १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली गोळी वापरली. मध्यम जनावरांवर ती चांगली चालली. पण गेल्या वेळी मोठा नर समोर आला. नेम खांद्यावर बरोबर बसला, तरी त्याच्या खांद्यावरच्या त्या जाड, चिवट कातडीच्या ढालीत आणि हाडात गोळीचे तुकडे झाले, पलीकडे काहीच निघालं नाही. रक्ताचा माग जवळजवळ नव्हताच. तीन तासांनी झाडीत सापडला. जखमी जनावर असं तडफडत राहणं मला सहन होत नाही, म्हणून हा प्रश्न.

फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी) कृपया सुचवू नका, ती न फुलताच, म्हणजे टोक न पसरताच आरपार जाते.

आता १६५ ग्रेन बाँडेड (शिशाचा गाभा आवरणाला पक्का जोडलेली) आणि १५० ग्रेन संपूर्ण तांब्याची, या दोन्ही १०० मीटरवर मारून पाहिल्या. दोन्हींचा ग्रुप (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) माझ्या कामाला पुरेसा आहे. मांसात शिसं नको, म्हणून कल तांब्याकडे आहे. पण तांबं फुलायला वेग लागतो आणि माझी नळी आखूड, म्हणजे वेग थोडा कमी.

ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांना विचारतो: १०० मीटरच्या पुढे, हाड न लागता फक्त बरगड्यांमधून गेली, तर तांब्याची गोळी नीट फुलते का? आणि नराच्या खांद्यातून पलीकडे हमखास कोणती निघते?