कमर्शियल बिल्डिंगच्या सपाट गच्चीला कोटिंग मारून अजून आठ-दहा वर्षं निघतील का?

शाहूपुरी_गाळेवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमची तीन मजली कमर्शियल बिल्डिंग आहे, १९९८ सालची. खाली गाळे, मधे क्लास आणि एक क्लिनिक, सगळ्यात वर डायग्नोस्टिक सेंटर भाड्याने. गच्ची सपाट, साधारण ४५०० चौरस फूट, तेव्हाचाच ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला पाणी अडवणारा जाड थर) आणि वरून सिमेंट घोटून चौकोन पाडलेले. गेले दोन-तीन पावसाळे वरच्या मजल्यावर तीन ठिकाणी ओल येतेय, यंदा तर फॉल्स सीलिंगची एक शीट फुगून खाली आली. भाडेकरू वैतागलाय, आणि त्याचंही बरोबरच आहे म्हणा, खाली त्याची लाखांची मशिनं आहेत.

दोन पार्ट्या बघून गेल्या. एक म्हणतो सगळा कोबा फोडून नवीन करा, फुटाला १५५, महिनाभर वर खडखड. दुसरा म्हणतो काही फोडायचं नाही, पांढरं इलास्टोमेरिक (रबरासारखं ताणणारं) कोटिंग दोन हात मारतो, फुटाला ४२, सात वर्षांची गॅरंटी लिहून देतो. वडिलांचं म्हणणं, रंग मारून गळती थांबत असती तर गवंडी कशाला लागले असते. भाऊ कोटिंगच्या बाजूने आहे कारण पैसे वाचतात. वर एसीची दहा-बारा आउटडोअर युनिटं, दोन सिंटेक्सच्या टाक्या आणि एका जुन्या होर्डिंगचा सांगाडा पण आहे, हे सगळं हलवायचं म्हणजे वेगळीच कटकट. कुणी कमर्शियल बिल्डिंगला कोटिंग केलंय का, खरंच टिकतं का?

साइटवरचा_अण्णा

टिकतं, पण कशावर मारताय त्यावर आहे. कोटिंग हे धड असलेल्या गच्चीचं आयुष्य वाढवायला असतं, मेलेली गच्ची त्याने जिवंत होत नाही. म्हणून रेट राहू दे बाजूला, आधी या चार गोष्टी बघून घ्या.

पहिलं म्हणजे एप्रिल-मे मध्ये, पाऊस नसताना, त्या तीन जागा ओल्या असतात का? असतील तर ते पाणी गच्चीचं नाहीच, टाकीची लाइन नाहीतर एसीचं ड्रेन आहे, आणि त्यासाठी ४५०० फूट रंगवायची गरज नाही. दुसरं, पावसाळ्यात पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी वर पाणी उभं राहतं का आणि कुठे. तिसरं, फॉल्स सीलिंगच्या वर डोकं घालून स्लॅबचा खालचा भाग बघा. नुसती ओल आणि पांढरी खार असेल तर ठीक. पण प्लास्टर फुगलंय, सळई दिसतेय, गंज सुटलाय असं असेल तर आधी स्ट्रक्चरवाल्याला बोलवा, सळई साफ करून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती, मग वरचं काय ते. चौथं, कोब्यावर हातोडीने ठोकत फिरा, कुठे पोकळ वाजतोय तिथे खडूने खुणा करा. निम्मी गच्ची पोकळ वाजली तर वडिलांचं खरं, फोडा. दोन-चार ठिकाणीच वाजली तर तेवढेच तुकडे काढून भरायचे आणि वरून कोटिंग.

आणि एक लक्षात ठेवा, खाली जिथे ठिबकतंय त्याच्या बरोबर वर भेग असेलच असं नाही. कोबा पाणी पितो, आतल्या आत पसरवतो आणि स्लॅबला जिथे वाट मिळेल तिथून खाली सोडतो. म्हणून खालचा डाग बघून वर तेवढाच पट्टा मारणारे दरवर्षी तिथेच येऊन पट्टा मारतात.

घाटमाथा

अण्णांनी सगळं सांगितलं, फक्त होर्डिंगचा सांगाडा राहिला. त्याच्या पायांचे बोल्ट स्लॅबमध्ये असणार, एसी स्टँडचे पण. माझा अनुभव असा की कमर्शियल गच्चीत निम्म्या गळत्या या बोल्टांतून, पाइपांतून आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातून असतात, मोकळ्या मैदानातून नाही. होर्डिंग जुनंच आहे तर कापून टाका की ओ, कशाला सांभाळताय.

दादरचा_स्ट्रक्चर

कोबावाल्याला एक प्रश्न विचारा: जुना सगळा काढणार की "थोडा घासून त्याच्यावरच नवीन" टाकणार? १५५ मध्ये फोडणं, मलबा तीन मजले खाली उतरवणं, गाडी भरणं आणि नवीन कोबा हे सगळं बसतं का, मला शंका आहे. बरेच जण जुन्यावरच चढवतात.

ते अजिबात होऊ देऊ नका. साडेचार इंची ब्रिकबॅट कोबा म्हणजे चौरस मीटरला २०० किलोच्या वर वजन. इमारतीवर किती वजन धरायचं ते सांगणाऱ्या आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात वावर असलेल्या गच्चीला लाइव्ह लोड धरलाय १.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणजे गच्चीवर माणसं, सामान वगैरेसाठी जेवढी सोय ठेवली होती त्यापेक्षा जास्त वजन तुम्ही एका दुसऱ्या कोब्याने कायमचं टाकून बसता. मुंबईत जुन्या बिल्डिंगांवर दोन-दोन, तीन-तीन कोबे चढलेले बघितलेत, खाली बीमला भेगा आणि वर सगळे विचारतात गळती का थांबत नाही. कोटिंगचं वजन मीटरला एक-दोन किलो. पैसे वाचतात हा मुद्दा सगळे सांगतात, वजनाचा मुद्दा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

तुमची बिल्डिंग तिशीला आलीच आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या ३५३ ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्याकडे कुणी विचारत नसलं तरी करून घ्या, भाडेकरू दवाखान्यावाले आहेत.

शाहूपुरी_गाळेवाला

मंडळी धन्यवाद, एवढं कुणी समोर बसून पण सांगितलं नव्हतं. आज वर जाऊन ठोकून बघितलं, पोकळ आवाज फक्त टाकीच्या बाजूला आणि एका खुऱ्याजवळ (पावसाचं पाणी खाली जायच्या तोंडाजवळ) येतोय, बाकी टणटणीत. सळई कुठे दिसत नाही. पाणी उभं राहतं ते त्या खुऱ्याच्या आसपास, मोठ्या चटईएवढं. कोबावाल्याला फोन केला तर म्हणाला "वरचा थर काढून घेतो", म्हणजे दादरवाल्या सरांनी बरोबर ओळखलं. कोटिंगवाल्याने कोटेशनमध्ये लिहिलंय "दोन हात, अंदाजे १५ बकेट". हे पुरेसं आहे का?

साइटवरचा_अण्णा

नाही. हिशोब करू या, हा हिशोब प्रत्येक मालकाला यायला पाहिजे.

४५०० फूट म्हणजे ४१८ चौरस मीटर. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर बरोबर १ मिलीमीटर. पण हे कोटिंग पाण्यातलं असतं, पाणी उडून जातं आणि आकारमानाने साधारण निम्मंच शिल्लक राहतं. १५ बकेट गुणिले २० लिटर म्हणजे ३०० लिटर, सुकल्यावर १५०. त्याला ४१८ ने भागा, ०.३६ मिलीमीटर. हा रंगच झाला, वडील म्हणतात तसा. उघड्या गच्चीवर मी सुकलेला थर १ मिलीमीटरच्या खाली जाऊ देत नाही, त्याला ४२ बकेट लागतात. अर्थात ४२ बकेट फुटाला ४२ रुपयांत येणार नाहीत, तो रेट वाढवेल, वाढवू द्या. तरी कोबा फोडण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

बकेटवर किंवा डेटाशीटवर सॉलिड (सुकल्यावर उरणारा भाग) ६०-६५ टक्के दिसलं तर हुरळू नका, ते बहुतेक वेळा वजनाने असतं. आकारमानाने किती ते विचारा. कोटेशनमध्ये "दोन हात" खोडून "सुकल्यावर १ मिलीमीटर" लिहून घ्या, सीलबंद बकेट तुमच्यासमोर फोडायला लावा आणि रिकाम्या बकेट शेवटच्या दिवसापर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा. काम चालू असताना ओला थर मोजायची दातेरी पट्टी मिळते, फार महाग नसते.

खुऱ्याजवळचं पाणी मात्र आधी सोडवा. हे कोटिंग अॅक्रिलिकचं, त्याला कायम साठून राहिलेलं पाणी चालत नाही, मऊ पडतं, फुगतं, मग पापुद्रे. तिथला पोकळ कोबा काढून उतार परत धरा, खुरा खाली घ्या, जाळी नवीन. पॅरापेटच्या कडेचा वाटा (भिंत आणि गच्चीच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई) जिथे सुटलाय तिथे नवीन, त्यावर फायबर मेश दोन थरांच्या मधे, आणि कोटिंग भिंतीवर फूटभर चढवायचं. बोल्ट आणि पाइपांच्या भोवती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट.

ह्यूस्टनकर

इकडे टेक्सासमध्ये एका स्ट्रिप मॉलची देखभाल बघतो म्हणून लिहितोय. इकडे सपाट कमर्शियल छपरं म्हणजे लोखंडी पत्रा, वर इन्सुलेशन, वर मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर). कोटिंग एवढं चालतं त्याचं एक कारण बिल्डिंग कोड आहे, आधीच दोन थर असतील तर तिसरं छप्पर चढवता येत नाही, सगळं फाडून काढावं लागतं, पण कोटिंगला ही अट लागत नाही. पाणी साठतं तिथे लोक सिलिकॉन मारतात, उभ्या पाण्याला ते उत्तम. पण एकदा सिलिकॉन मारलं की पुढे त्याच्यावर सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही, धूळ पण फार धरतं आणि ओलं झालं की पाय सटकतो. तुमच्या गच्चीवर एसीवाल्यांची ये-जा आहे, मी सिलिकॉन घेणार नाही.

आणि इकडचा एक नियम तिकडेही लागू आहे, आत पाणी कोंडलेलं असताना वरून झाकण लावायचं नाही. इकडे थर्मल कॅमेऱ्याने ओलं इन्सुलेशन शोधून तेवढं कापून काढतात.

साइटवरचा_अण्णा

बरोबर. आपल्याकडे कॅमेरा नसला तर दीड फूट चौकोनी प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचं, सोळा तास तरी. सकाळी खाली दव दिसलं तर कोबा अजून ओला आहे. म्हणून दिवाळीनंतर घाईने काम काढू नका, आत चार महिन्यांचं पाणी असतं. मार्च-एप्रिल सगळ्यात चांगले. तेही दुपारी तापलेल्या कोब्यावर नाही, आणि सकाळी ऊन चढतानाही नाही, कारण तापताना कोब्यातली हवा बाहेर येते आणि ओल्या थरात बारीक भोकं पडतात. ऊन उतरायला लागलं की सुरू करायचं.

हिशोबनीस_ताई

गच्चीचं मला कळत नाही, पण भाऊ, टॅक्सचं एक सांगते. भाडं तुम्ही घरमालमत्तेच्या उत्पन्नात दाखवत असाल तर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीचं बिल वेगळं दाखवता येत नाही, मग ते दोन लाखांचं असो की सात. म्हणजे यातली बचत सगळी तुमच्या खिशातली, बिल जास्त झालं तर टॅक्समध्ये निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

शाहूपुरी_गाळेवाला

हे तर माहीतच नव्हतं ताई. वडिलांना ०.३६ चा हिशोब दाखवला, म्हणाले मी काय सांगत होतो. मग ४२ बकेटचा दाखवला तर गप्प बसले, म्हणजे जवळजवळ होकार. पांढऱ्या रंगाने वरचा मजला थंड राहतो म्हणतात ते खरं का? आणि सात वर्षांच्या गॅरंटीचं काय करू?

दादरचा_स्ट्रक्चर

थंड राहतो. नवीन पांढरं कोटिंग ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतं, साधं सिमेंट त्याच्या निम्मंही नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी धोरणच आणलं. पण धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून पावसाळ्याआधी गच्ची धुवायची, हलक्या ब्रशने.

गॅरंटीचं, माल कंपनीचा आणि हात ठेकेदाराचा, गळलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कंपनीने मान्य केलेला अॅप्लिकेटर असेल तरच कंपनीची वॉरंटी मिळते, तसा कागद मागा. शिवाय बिलाचे दहा टक्के पहिला पावसाळा निघेपर्यंत अडकवून ठेवा. काम झाल्यावर खुरे बंद करून ४८ तास पाणी भरून बघा, आणि एसीवाल्यांना सांगून ठेवा की आता वर नवीन बोल्ट मारायचा नाही, स्टँड सिमेंटच्या ब्लॉकवर ठेवायचं. चार-पाच वर्षांनी धुऊन वरून एक हात अजून मारला की पुढची तेवढीच वर्षं निघतात, तेव्हाच्या बकेटचे पैसे भाड्यातून बाजूला काढायला आत्तापासून सुरुवात करा.