मोर्चात जाणारी पोरं वाया गेलेली आहेत का?

हडकोचा भाडेकरू
काल मेसवर एक काका सगळ्यांसमोर बोलले, "गावाकडून शिकायला येता अन् मोर्चात फिरता." रात्रभर डोक्यात तेच. संभाजीनगरात हडकोत टीव्ही सेंटरजवळ आम्ही पाचजण एका खोलीत राहतो. नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्या दिवशी अभ्यासिका बुडते, कारण ड्रम भरायचे असतात. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागा अन् अर्ज दहा लाखांवर. हजार रुपये फी भरायला बापानं भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन काढलं. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं तिथं गेलो. पदरचं भाडं भरून. आपलं कुणी ऐकेल, एवढीच आशा होती. यात वाया जाण्यासारखं काय आहे?

वाळूजचा सेटर
भाऊ, तुझा राग खरा आहे. पण आरक्षण कसंही वाटा, जागा 4,644 च राहतात. बाकीच्या लाखोंनी जायचं कुठं? मी एकोणिसाव्या वर्षी वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागलो. सात महिने झाले की कामात ब्रेक, पुन्हा नवीन गेटपास. त्यातच सीएनसी मशीन शिकलो. तिशीत कंपनीच्या गेटवर आलास तर शिकाऊ म्हणूनही घेत नाहीत, हे रोज बघतो. किती वर्षं द्यायची ते आजच ठरव.

हडकोचा भाडेकरू
दादा, तुम्हाला ब्रेक देणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध कुणी मोर्चा काढला असता तर तुम्ही गेला नसता का?

वाळूजचा सेटर
गेलो असतो. पण कामाची पाळी करून.

अंबडकर
मी ओबीसी. जून 2024 मध्ये ओबीसी आरक्षणासाठीच्या वडीगोद्रीच्या उपोषणाला जाऊन आलो. रूममेट अंतरवालीचा. दोन्ही गावं हाकेच्या अंतरावर. परतलो तर त्यानं माझा डबा झाकून ठेवला होता. गावाकडं मात्र आमच्या दोघांच्या घरच्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. याचं फार वाईट वाटतं.

होस्टेलवरची
मुलींचं कुणी बोललंच नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये बीडला जाळपोळ झाली, एसटी बंद पडली. होस्टेलवर प्रत्येकीच्या घरून एकच फोन, "वातावरण बरं नाही, निघून ये." माझी पार्टनर गेली. तिची पुस्तकं अजून माझ्या कॉटखाली आहेत, तिचं लग्न झालं. मागणी रास्त असेलही, मी नाही म्हणत नाही. पण पेटलं की पहिलं शिक्षण आमचं सुटतं. पेटवणाऱ्याला तुमच्यातलं कुणी अडवतं का?

हडकोचा भाडेकरू
ताई, त्या दिवसांत आम्ही कुणालाच अडवलं नाही. खोलीत बसून मोबाईल बघत होतो. हे मान्य करतो.

निवृत्त मास्तर
बाळांनो, गुन्हा दाखल झाला तर नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो निघतो. माझा एक विद्यार्थी निवड होऊन कागदासाठी खेटे घालतोय. गर्दीत जाताना एवढं ध्यानात असू द्या.

हडकोचा भाडेकरू
सेटरदादा, आमच्यातला एकजण आयटीआय फिटर आहे. चार वर्षं झाली तयारी करतोय, आता थकलाय. तुमच्याकडं कुठं सांगता येईल का?

वाळूजचा सेटर
सोमवारी सकाळी पावणेसातला वाळूजजवळच्या पंढरपूरच्या तिरंगा चौकात उभा कर. मार्कशीट अन् आधार आणायला सांग.