नावात ठिपका, टक्का, देवनागरी: बंदी घालणारे तुम्ही कोण?

खडूस_विदागार: कालच्या एका पोस्टीत फर्मान निघालं: 'व्हेरिएबलच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक, अंडरस्कोअर, बस. बाकी काही घालणारे हौशी.' म्हणजे आर या संख्याशास्त्राच्या भाषेत 'डेटा.फ्रेम' हे नाव ठेवणारेही हौशीच का? अहो, २००४ मध्ये आर १.९.० येईपर्यंत नावात अंडरस्कोअर चालतच नव्हता. त्याआधी तो असाइनमेंटचं, म्हणजे व्हेरिएबलला किंमत देण्याचं, चिन्ह होता, म्हणून ठिपका रुळला. आणि सर्वेक्षणाच्या फायलीत 'उत्पन्न (रु.)' असा रकाना असेल तर मी तो बॅकटिकमध्ये (` या चिन्हांमध्ये) तसाच ठेवतो. आलेखावर आपोआप तेच नाव उतरतं. वेगळी लेबलं कोण लावत बसणार?

टक्केटोणपे: ठिपक्याचं कौतुक पुरे. 'टी.टेस्ट' हे फंक्शन, की 'टेस्ट' क्लाससाठी 'टी'ची मेथड? आरमधली क्लासनुसार फंक्शन निवडणारी एस३ व्यवस्था नुसतं नाव-ठिपका-क्लास बघते, तिला दोन्ही सारखंच. आणि तुमच्यासारख्यांची हौस निस्तरलीये मी. जुन्या नोकरीत फाइल आली, इंग्रजीत 'ग्रोथ %' आणि 'ग्रोथ #'. आरच्या फाइल वाचणाऱ्या 'रीड.सीएसव्ही'ने दोन्हीकडे ठिपके केले आणि दुसऱ्याच्या शेपटाला .१ जोडला. अहवालात टक्क्यांच्या जागी आकडे गेले. बोलणी मी खाल्ली.

खडूस_विदागार: नावं बदलणारं 'चेक.नेम्स' फॉल्स करायचं माहीत नव्हतं, आणि दोष टक्क्याचा? वा!

अर्धा_र: तुमचं आर राहू द्या. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात म्हणून मी 'शेतकऱ्यांची_संख्या' ठेवलं. यातला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शिवाय झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर) हे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला डिट्टो. पहिला चालतो, दुसऱ्यावर सिंटॅक्स एरर. पांडाज या पायथनच्या तक्त्यांच्या लायब्ररीत रकान्याचं नाव असेल तर की-एरर, म्हणजे रकाना सापडतच नाही, आणि स्क्रीनवर दोन्ही नावं जुळी भावंडं!

शिफ्ट_जे: इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. शिफ्ट-जे दाबलं की सरळ ऱ येतो. फोनेटिकचे लाड केले की हे असंच होणार.

अर्धा_र: आली इनस्क्रिप्टची आरती! फायली गावोगावच्या ऑपरेटरांकडून येतात. प्रत्येकाला शिफ्ट-जे शिकवायला तुम्ही जाणार? एसटीचं तिकीट मी काढतो.

शिफ्ट_जे: तिकीट ठेवा तुमच्याकडे. युनिकोड नॉर्मलायझेशन करा की, एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असेल तर एकसारखं होतं.

अर्धा_र: केलं. एनएफसी हा त्याचा नेहमीचा प्रकार झेडडब्ल्यूजेला हातही लावत नाही. स्वतः करून बघितलंय का कधी, की नुसतंच सांगताय?

शिफ्ट_जे: …बरं, र-हलन्त-झेडडब्ल्यूजे असेल तिथे आधी रिप्लेसने ऱ-हलन्त करा. पण फोनेटिक वाईटच.

खडूस_विदागार: मूळ विषय ठिपक्याचा होता, लोकहो. ठीक आहे, ऱ्य असलेली नावं कोडमधून हद्दपार, मान्य. मग जे कोडमध्ये 'शेतकरी' लिहितात त्यांनी काय पाप केलं?

टक्केटोणपे: काही नाही. फक्त त्याला विभक्तीचा प्रत्यय लावू नये, नाहीतर ऱ्य आलाच. आणि 'चेक.नेम्स' बंद करून प्रत्येक ओळीत बॅकटिक टंकण्यापेक्षा आरच्या जॅनिटर पॅकेजचं 'क्लीन_नेम्स' बरं. ते % चं पर्सेंट करतं, # चं नंबर. अंडरस्कोअर घालून, बरं का.